ठकूबाई आणि टांगती फळी

एका गावात एक बाई राहत होती. अंगावर तिच्या फुटका मणीही नव्हता, पण कमरेला साऱ्या गावाच्या पोटाची किल्ली होती.

गावाचं नाव निंबखोरे आणि बाईचं नाव ठकूबाई. नाव ठकूबाई असलं, तरी जन्मात तिनं कुणाला ठकवलं नव्हतं. तिला मात्र पुष्कळांनी ठकवलं होतं, पण ती गोष्ट वेगळी. आपल्याला सांगायची आहे ती तिच्या किल्लीची गोष्ट.

निंबखोऱ्यात एक जुनी रीत होती. सुगी आटोपली की प्रत्येक घर आपल्या रानातलं निवडक बी बाजूला काढायचं. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाची तूर. त्यात राख आणि लिंबाचा पाला मिसळायचा, ते गाडग्यात भरायचं, गाडग्याचं तोंड शेणानं लिंपायचं आणि चावडीखालच्या दगडी तळघरात नेऊन ठेवायचं. घरात बी ठेवायचं नाही म्हणजे नाही. कारण वैशाखात कणगी तळाला जाते, पोरं भाकरीसाठी आईचा पदर ओढू लागतात, आणि मग घरातलं बी कधी जात्यात पडतं ते घरधनिणीलाही कळत नाही. बी खाल्लं की पुढचं वर्ष खाल्लं. निंबखोऱ्याची माणसं स्वतःला नीट ओळखून होती, म्हणून त्यांनी आपलं बी आपल्याच हातापासून दूर ठेवलं होतं. असा शहाणपणा फार गावांना सुचत नाही.

तळघराची किल्ली एकाच राखणदाराकडे असायची. आधी ती ठकूबाईच्या नवऱ्याकडे होती. तो गेला तेव्हा गावात कुजबुज झाली. बाईमाणसाच्या हाती सगळ्या गावाचं बी कसं द्यायचं, असं जो तो म्हणू लागला. तेव्हा दाजीबा पाटील चावडीवर उठून उभे राहिले. "नवरा राखणदार व्हता, पण राखत हीच व्हती. मी डोळ्यांनी बघितलंय," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं किल्ली तिच्यापुढे धरली. कुजबुज थांबली. ठकूबाई हे कधी विसरली नाही. दाजीबा वाटेत दिसले की ती पदर सावरून बाजूला उभी राहायची.

राखणदाराला एक जाचक नियम होता. बाकीच्या घरांची गाडगी लाकडी माचांवर, आणि राखणदाराचं गाडगं थेट खाली फरशीवर. पाणी येवो, वाळवी लागो, उंदीर घुसोत, संकटाचा पहिला घास राखणदाराच्या बियाण्याचा. नियम करणारा पूर्वज मोठा खट असला पाहिजे. पण त्या नियमामुळेच निंबखोऱ्याच्या राखणदाराला कधी गाढ झोप लागली नाही, आणि गावाचं बी कधी बुडालं नाही.

एका माघ महिन्यात ठकूबाई दिवा घेऊन तळघरात उतरली आणि पायरीवरच थांबली. फरशीवरच्या तिच्या गाडग्याचं लिंपण तडकलं होतं. त्या तड्यातून एक पिवळट कोंब बाहेर डोकावत होता. तिनं गाडगं उचलायला हात घातला, तर बूड खालीच राहिलं. आतल्या ज्वारीचा लगदा झाला होता.

पायरीवर बसून ती थोडा वेळ रडली. वर्षाचं बी गेलं होतं, रडू येणारच. मग डोळे पुसून तिनं दिवा भिंतीजवळ नेला. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. आदल्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाला नवं तळं खोदलं होतं, आणि तळ्यातल्या पाण्यानं जमिनीखालून तळघराची वाट शोधून काढली होती. माचांचे पाय भिजून फुगले होते. त्यांना वाळवीही लागली होती. एक माच तिनं नुसता हलवला, तर तो म्हाताऱ्याच्या दातासारखा डुगडुगला.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. ठकूबाईनं कुजलेलं गाडगं सगळ्यांपुढे ठेवलं. कुणी काही बोलण्याआधी दाजीबांच्या सूनबाई घरी गेल्या आणि खाण्यासाठी ठेवलेल्यातून निवडलेली मूठभर ज्वारी घेऊन आल्या. ती त्यांनी ठकूबाईच्या पदरात टाकली. मग एकेक घर उठलं. बघता बघता तिच्या गेलेल्या बियाण्याची भरपाई झाली. पण उरलेल्या गाडग्यांचं काय, हा प्रश्न तसाच होता.

एकजण म्हणाला, "दोराची शिंकी बांधू."

"दोर ओलाव्यानं कुजतो," ठकूबाई म्हणाली. "अन् उंदराला तर दोर म्हंजे जिनाच."

दुसरा म्हणाला, "पेरणीपातूर ज्यानं त्यानं आपलं गाडगं घरी न्यावं."

यावर जो तो आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागला. घरी नेलेल्या गाडग्याचं काय होतं ते सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी धोंडू सुतारानं तोड काढली. तळघराच्या छताला सागवानी तुळया होत्या, हत्तीच्या पायासारख्या जाड. त्यांना आकडे ठोकायचे, आकड्यांना साखळ्या लावायच्या आणि साखळ्यांवर फळ्या टांगायच्या. खाली पाणी आलं तरी बी वर कोरडं राहील. साखळीला तेल फासलं की उंदरालाही पाय घसरल्याचा अनुभव मिळेल. गावाला हे पटलं. फळ्या धोंडू करणार, आणि लोखंड आणायचं काम दाजीबांनी ठकूबाईवर सोपवलं.

"मला लोखंडातलं काय कळतंय, दाजीबा?" ती म्हणाली. "तव्याच्या पलीकडं माझी अक्कल चालत न्हाई."

"राखणदार तू हाईस," दाजीबा म्हणाले. "तुला ज्याचा भरवसा वाटंल, ते आण."

गावानं वर्गणीची पुरचुंडी तिच्या ओटीत बांधली आणि ती बाजाराच्या गावी निघाली. वाटभर तिच्या मनात एकच विचार होता. बियाण्याचा दाणा दाताखाली धरला की तो खरा का पोचट ते कळतं. लोखंड कोणत्या दाताखाली धरायचं?

बाजारात गुलाबशेटचं लोखंडाचं दुकान होतं. दारापासून आढ्यापर्यंत कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, आकडे आणि साखळ्या लोंबत होत्या. शेटची जीभ त्या साखळ्यांपेक्षा लांब होती. सगळ्या मालाला त्यांनी काळ्या रंगाचा हात मारला होता, त्यामुळे नवं-जुनं सारखंच चकाकत होतं.

"या मावशी! काय टांगायचंय?" शेटनी विचारलं.

"गाव," ठकूबाई म्हणाली.

शेट हसले. मग तिनं सगळी हकिकत सांगितली. शेटनी लगेच एक लांब साखळी खाली ओढली आणि तिच्यापुढे खळखळवली.

"ही न्या. खुशाल हत्ती टांगा! तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण साखळी अशीच्या अशी राहील."

"आमच्या गावात हत्ती न्हाई," ठकूबाई म्हणाली. "तुमीच जरा लटकून दाखवा."

"मी?"

"तुमचा भार पेलला, तर आमच्या गाडग्यांचा पेलंल."

गुलाबशेट अंगानं चांगले भरदार होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, मी शेट आहे, वटवाघूळ नव्हे!"

बाजूचे लोक खदाखदा हसले. ठकूबाई हसली नाही. "शेट, तुमचा शब्द लई गोड हाय," ती म्हणाली, "पण मला शब्दाला गाडगी बांधायची न्हाईत."

एवढं बोलून तिनं पदर खोचला, दुकानाच्या तुळईतल्या आकड्याला साखळी अडकवली, ती दोन्ही हातांनी धरली आणि पाय वर घेतले. भर बाजारात एक पोक्त बाई साखळीला लोंबकळते आहे, हा तमाशा काही रोज दिसत नाही. भजी तळणाऱ्यानं झारा कढईवर तसाच धरून ठेवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात साखळीची एक कडी उकलली आणि ठकूबाई धप्पकन जमिनीवर आली.

हसण्याचा लोट उसळला. ठकूबाईनं धूळ झटकली आणि ती म्हणाली, "ही नगं. दुसरी दाखवा."

दुसरी साखळी टिकली. तिसरी उकलली. ती पुन्हा पडली, पुन्हा उठली. आता मात्र कुणी हसत नव्हतं. बैलाच्या दाव्यासाठी साखळी घ्यायला आलेला एक शेतकरी गर्दीतून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मावशे, ही बी जरा लटकून बघा की." तिनं लटकून बघितली. ती टिकली आणि त्या शेतकऱ्यानं घासाघीस न करता विकत घेतली. ते पाहून आणखी दोघे पुढे सरकले.

गुलाबशेट बडबडे असले तरी मूर्ख नव्हते. ज्या मालाला माणूस लटकून बघतो, तो हातोहात जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उकललेल्या साखळ्या मुकाट्यानं कोपऱ्यात टाकल्या. दुपार कलायच्या आत काय झालं म्हणता? शेट धोतराचा काचा मारून स्वतःच्याच साखळीला लोंबकळत होते आणि गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होते, "बघा, बघा, कडी हलली का?" शेवटी वटवाघूळ व्हावं लागलंच.

ठकूबाई आकडे आणि टिकलेल्या साखळ्या घेऊन गावी परतली. अंग ठणकत होतं, पण मनात एक मोठा उजेड पडला होता. लोखंडातलं तिला अजूनही काही कळत नव्हतं. मात्र कळत नसलं तरी राखणदारानं काय करायचं, ते तिला कळलं होतं.

सगळी गाडगी तेवढ्यापुरती वर चावडीवर काढून ठेवली आणि धोंडूनं फळ्या टांगायला घेतल्या. एकेक फळी टांगून झाली की ठकूबाई तिच्यावर चढून बसायची, गदगदा हलायची आणि मगच गाडगी वर ठेवू द्यायची. तूर वर गेली, बाजरी वर गेली. राहिली शेवटची, सगळ्यांत मोठी फळी. ती पायऱ्यांना लागूनच टांगायची होती आणि तिच्यावर ज्वारी ठेवायची होती. निंबखोऱ्याची भाकरी ज्वारीची, म्हणजे अर्धं गाव त्या एका फळीवर बसणार होतं. नेमकी तिथेच एका कोपऱ्याला साखळी कमी पडली.

बाजार पुन्हा भरायला अवकाश होता आणि उघड्या चावडीवर बी फार दिवस ठेवता येणार नव्हतं. गाव विचारात पडलं असताना दाजीबा म्हणाले, "भैरोबाच्या देवळातली साखळी हाय की."

ती साखळी सगळ्यांना ठाऊक होती. दाजीबांच्या आजोबांनी देवळाला घंटा वाहिली, तेव्हा तिच्यासोबत ती दिली होती. घंटा तडकल्यामुळे उतरवली होती आणि साखळी देवळाच्या कोनाड्यात पडून होती. मनगटाएवढी जाड, शेंदरानं माखलेली. दाजीबांनी ती स्वतः खांद्यावर घालून आणली. तळघराच्या तोंडाशी बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. दाजीबांचा चेहरा समाधानानं उजळला होता. आजोबांचं दान गावाच्या कामी येत होतं, यापरता आनंद कोणता?

धोंडूनं तीन कोपऱ्यांना बाजारच्या साखळ्या लावल्या आणि चौथ्याला देवाची. फळी सरळ झाली. सगळ्यांनी हात जोडले. माणसं पायऱ्यांवर ओळीनं उभी राहिली आणि पहिलं गाडगं हातोहात खाली येऊ लागलं.

ठकूबाईनं गाडगं थांबवायला हात उचलला आणि अर्ध्यावरूनच मागे घेतला.

या माणसानं आपल्या हातात किल्ली दिली. साऱ्या गावासमोर आपल्या पाठीशी उभा राहिला. आज त्याच्या आजोबांच्या देणगीवर आपण संशय घ्यायचा? तोही देवाच्या साखळीवर, नारळ फुटल्यावर? आणि गप्प राहिलं तर बिघडतं काय? उद्या साखळी तुटलीच, तर गाव म्हणेल देवाची मर्जी. राखणदाराला कुणी बोल लावणार नाही.

कुणी बोल लावणार नाही, एवढ्याच विचाराशी ती दचकली. बोल लागला नाही म्हणून चिखलात पडलेली ज्वारी काही वर येणार नव्हती. पेरणीला रानं मोकळी राहिली असती आणि त्याच्या पुढच्या वर्षी चुली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी बसते."

गाडगं मधल्या मधे थांबलं. "अगं, देवाची साखळी ती!" वरच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. "तिला काय बघायचं?"

दाजीबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "ठकू, पिढ्यान् पिढ्या या साखळीपुढं गावानं हात जोडलेत. तू तिच्यावर बसणार?"

"दाजीबा, तुमीच किल्ली दिलीत," ठकूबाई म्हणाली. "ती माझ्या कमरेला हाय तवर मला बसाया पायजे. रागवा, पण बसू द्या."

दाजीबांनी मान फिरवली. तीच परवानगी समजून ठकूबाई पायरीवरून फळीवर सरकली आणि देवाच्या साखळीजवळच्या कोपऱ्यात बसली.

साखळी करकरली, पण टिकली. पायऱ्यांवर सुटकेचा निःश्वास पसरला. "झालं का समाधान?" कुणीतरी खोचकपणे विचारलं. दाजीबांनी पुन्हा इकडे तोंड केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. आता ठकूबाईनं खाली उतरायचं, देवाला नमस्कार करायचा आणि सगळं गोड व्हायचं, एवढंच उरलं होतं.

पण ठकूबाई उतरली नाही. कारण एक गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. तिच्या उजव्या पायाचा अंगठा पायरीवर टेकलेला होता.

भीती वाटली म्हणून टेकला होता. दाजीबांचा मान राहावा म्हणूनही टेकला असेल. तळघरातल्या अंधारात तो कुणाला दिसत नव्हता. ती फळीवर बसलेली साऱ्या गावानं बघितली होती आणि तरी ती पुरती बसली नव्हती. अर्धा भार साखळीवर, अर्धा पायरीवर. माणूस जगाला फसवतो ते कुठे ना कुठे उघडं पडतं. स्वतःच्या अंगठ्यानं केलेली फसवणूक मात्र ज्याची त्यानंच पकडावी लागते. या बाईचं मोठेपण मला वाटतं ते इथे आहे. बाजारात लटकणं सोपं होतं.

ठकूबाईनं डोळे मिटले आणि अंगठा उचलला.

कड्‌कन आवाज झाला. साखळी तुटली, फळीचा कोपरा खाली गेला आणि ठकूबाई घोटाभर पाण्यात आदळली. कोपर दगडावर आपटलं. दिवा विझता विझता राहिला.

दाजीबा पाटील धोतरासकट पाण्यात उतरले.

"लागलं का गं, ठकू?" त्यांनी आधी हेच विचारलं.

तिला हात देऊन उठवल्यावर त्यांनी तुटलेली कडी दिव्यापाशी धरली. पिढ्यान् पिढ्या घंटा हलत होती आणि कडीवर कडी घासत होती. आतलं लोखंड झिजून तुरीच्या काटकीएवढं उरलं होतं. बाकी जाडी दिसत होती ती सगळी शेंदराची, तेलाची आणि काजळीची. गावानं हात जोडले होते, पण हात लावून कुणी पाहिलं नव्हतं.

दाजीबांची मान खाली गेली. "माझ्या आज्याची साखळी," ते पुटपुटले. "माझ्या हातानं मी गावाचं बी बुडवलं असतं."

"असं म्हनू नगा," ठकूबाई कोपर दाबत म्हणाली. "तिनं जल्मभर घंटेचा भार वाहिला. ती दमली. दमलेल्या माणसाच्या डोस्क्यावर आपुन गाठोडं देतो का? तिला देवळात ठेवा. तिथंच तिचा मान हाय."

दाजीबा पायऱ्या चढून गेले. काही वेळानं ते परत आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर दुसरी साखळी होती. त्यांच्या ओसरीवरच्या झोपाळ्याची. दाजीबांच्या साऱ्या दुपारी त्या झोपाळ्यावर जात असत, त्यामुळे गावाला ती पाहताच हायसं वाटलं.

"आता बघायचं कारण न्हाई, पाटील," धोंडू साखळी लावत म्हणाला. "तुमी तर रोज बसता हिच्यावर."

"तिथं भार चार साखळ्यांवर वाटला जातो," दाजीबा म्हणाले. "एकट्या हिच्यावर कधी बसलो न्हाई. सरा बाजूला."

ठकूबाई पुढे होऊ लागली, तर त्यांनी तिला अडवलं. "तुझं कोपर सुजलंय. साखळी माझी हाय, मीच बसणार." आणि ते म्हातारं माणूस, गावाचा पाटील, पायरीवरून सरकून फळीच्या कोपऱ्यावर जाऊन बसलं. दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट धरली. साखळी ताणली गेली, टिकली. पायऱ्यांवरून कौतुकाचे उद्गार आले.

ठकूबाईनं दिवा उचलला आणि वाकून फळीखाली धरला. मग ती पाटलांच्या पायाशी उकिडवी बसली.

"दाजीबा," ती हळूच म्हणाली, "अंगठा."

"काय?"

"अंगठा टेकलाय पायरीला. उचला."

निंबखोऱ्यात पाटलाला पाय उचल म्हणून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दाजीबांनी खाली बघितलं. खरंच त्यांचा अंगठा पायरीवर टेकला होता, आणि तो केव्हा टेकला हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी ठकूबाईकडे पाहिलं.

"मगाशी माझा बी टेकला व्हता," ती एवढंच म्हणाली.

दाजीबांनी गुडघे छातीशी घेतले, दोन्ही पाय उचलले, आणि गावाचा पाटील देवळातल्या घंटेसारखा अधांतरी झुलू लागला. साखळी करकरली. करकरून गप्प झाली.

"आना ज्वारी," ठकूबाई म्हणाली.

चैत्र लागेपर्यंत तळघरात गुडघाभर पाणी चढलं. पेरणीच्या दिवशी गाडगी खाली उतरली, लिंपणं फुटली, आणि ज्याच्या त्याच्या ओंजळीत दाणा पडला तो कोरडा, खणखणीत. त्या वर्षी निंबखोऱ्यात एकही रान मोकळं राहिलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचा ठेवा ज्याच्या भरवशावर टांगायचा, त्याच्यावर आधी आपला भार टाकून पाहावा, आणि तो टाकताना पायाचा अंगठाही जमिनीला टेकू देऊ नये.